उत्तरपूजेआधी उचललेलं पिस्तूल

१

देवापुढं मांडलेलं पिस्तूल चोरीला गेलं आणि शेजारचं चांदीचं निरांजन जागच्या जागी राहिलं, असं देवकीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळचे सहा. देवकी माझी मावसबहीण. ती लाटंबार्शाला असते, मी पेडण्याला. ती रडत नव्हती. देवकी रडत नसली की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

"ताय, तू येशीत? पोलिसांत अजून कोण गेलां नाय. हे म्हणतत, आधी विनोदिनीताईंका विचारूया."

मला विचारतात यात नवल नाही. सरकारी कचेरीत हत्यारांच्या परवान्यांच्या टेबलावर मी तेहेतीस वर्षं बसले. परवाना मागायला आलेला माणूस अर्जात 'स्वसंरक्षण' असं लिहितो. त्याला लिहायचं असतं 'मला भीती वाटते', पण तसा रकाना सरकारनं ठेवलेला नाही. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी लोक कागद घेऊन माझ्या दारात येतात. मी खवट आहे असं कचेरीत म्हणायचे. ते खोटं नाही, पण खवट बाईकडंच लोक का येतात याचा कुणी विचार केला नाही.

देवकीचा नवरा जयराम घाडी खाणीवर ट्रकांचा मुकादम होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरासमोरच्या वळणावर भरलेल्या ट्रकनं स्कूटरवरच्या एका शिक्षिकेला उडवलं. ती जागीच गेली. ट्रकमालकाचा मुलगा स्टिअरिंगवरून उतरून रानात पळताना जयरामनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पोलिसांत मात्र ड्रायव्हर म्हणून उभा केला गेला प्रथमेश, दोडामार्गाकडचा गरीब माणूस, जो त्या वेळी आपल्या खोलीत तापानं फणफणला होता. जयरामनं खरं काय ते जबाबात सांगितलं. त्या दिवसापासून धमक्यांचे फोन सुरू झाले, आणि जयरामनं पिस्तुलाचा परवाना मागितला.

नव्या पिस्तुलाला वाट बघावी लागते, म्हणून त्यानं वापरलेलं घेतलं. मोरजीचे दत्ताराम शेटगांवकर हे निवृत्त फौजदार. खात्यानं जुना साठा मोडीत काढला तेव्हा त्यांनी त्यातलं एक पिस्तूल रीतसर विकत घेतलं होतं. ते त्यांनी जयरामला दिलं. निवृत्त असले तरी कागद मीच तपासले. "पोलिसांचां म्हणजे चांगलांच असतलां," जयराम म्हणाला आणि मीही मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आज लाज वाटते.

तेव्हापासून जयराम ते शर्टाखाली कमरेला लावून फिरायचा. येत्या सोमवारी डिचोलीच्या कोर्टात त्याची साक्ष होती.

मी पोचले तेव्हा तो बाल्कांवावर बसला होता. बाल्कांव म्हणजे आमच्या घरांसमोरची, बसायला बाक असलेली पडवी. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"परवान्याचं हत्यार हरवलं तर ताबडतोब कळवावं लागतं, भावोजी," मी म्हटलं. "मी दुपारी बारापर्यंत थांबते. मग मी स्वतः ठाण्यात जाईन."

"जावा. पण एक सांगतंय, ताई. तां कमरेक नसलां तर सोमवारी माजे पाय कोर्टाची पायरी चढूचे नाय. माका माफ करा, पण नाय चढूचे."

म्हणजे पिस्तूल सापडलं नाही, तर एक निरपराध माणूस तुरुंगात जाणार होता. देवकीनं आणून दिलेला चहा तसाच राहिला.

२

आमच्याकडं दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. घरात ज्याचं पोट ज्या वस्तूवर, ती वस्तू पाटावर मांडायची, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. उत्तरपूजेला अक्षता वाहायच्या, वस्तू किंचित उत्तरेकडं सरकवायची आणि मगच उचलायची. पेडण्यात अजून असे सुतार आहेत, की त्या दिवशी खिळा ठोकायचा झाला तर दगड घेतील, पण पाटावरचा हातोडा घेणार नाहीत.

याचा मला एक फायदा झाला. चोरी झाल्यावरसुद्धा पाटाला कुणी शिवलं नव्हतं. पोलिसांनी दोरी बांधून माणूस उभा केला असता तरी जागा इतकी जशीच्या तशी राहिली नसती. भटजी नऊला यायचे होते.

पाट उत्तरेच्या भिंतीला लागून होता, दार दक्षिणेला. त्यावर लाल कापड. कोयता, कुऱ्हाड, देवकीची विळी, जयरामचे पाने आणि पक्कड. आणि दोन रिकाम्या जागा.

"दोन कशा?" मी विचारलं.

"ती प्रज्योताच्या जेसीबीची चावी," देवकी म्हणाली. प्रज्योत हा तिचा मुलगा. "काल पूजा आटापली तशी धा वाजताच उचलून गेलो. म्हटला, काम आसा. उत्तरपूजा म्हणान काय ती तेका ठावकच नाय."

मी गुडघे टेकून वाकले. गुडघ्यांनी आपली तक्रार नोंदवली. चावीच्या जागी कापडावर कुंकवाचा किल्लीएवढा ठसा होता, कडा स्वच्छ. उचलली आणि गेला. पिस्तुलाच्या जागी तसं नव्हतं. तिथलं कुंकू बोटभर ओढलं गेलं होतं, एका सरळ रेषेत, भिंतीच्या दिशेनं. त्या रेषेवर अक्षतांचे पाच-सहा दाणे पडले होते.

दारातून आलेला माणूस वस्तू ओढेल तर स्वतःकडं ओढेल. भिंतीकडं ढकलायचं त्याला काय कारण? आणि पिस्तुलाखालच्या कापडावर काल सकाळच्या पूजेच्या अक्षता पोचणार कशा? हे दाणे वस्तू सरकल्यावर पडले होते.

चोरानं पिस्तुलाची उत्तरपूजा केली होती!

मला हसू आलं, मग लगेच थंडी वाजली. ट्रकमालकाच्या गुंडांनी हे केलं नसतं.

पाटाच्या उजव्या बाजूला आपट्याच्या पानांची टोपली होती. दसऱ्याला कुणी सोनं दिलं-घेतलं नाही तर मला चुकल्यासारखं होतं, म्हणून मी चार पानं घ्यायला टोपलीत हात घातला. बोटांना काहीतरी गार, गुळगुळीत लागलं.

पितळेची गोळी होती. न उडालेली, जिवंत.

"भावोजी!" मी हाक मारली. "पूजेला पिस्तूल रिकामं करून ठेवलं होतंत ना?"

"ठेवलंय मा! मुठीतलां गोळ्यांचां मॅगझिन काढून कपाटात बंद केलंय. पूजेक बसलंय तेव्हा तां रिकामां होतां."

"मग ही कुठून आली?"

जयराम पाटासमोर खाली बसला आणि सांगू लागला.

३

मंगळवारी दुपारी अस्नोड्याच्या वाटेवर त्याला फोन आला होता. "सोमवारी कोर्टात जाशी, मगे घरात कोण जाता तां बघ," एवढंच. जयरामनं मोटरसायकल थांबवली, पिस्तूल काढलं आणि वरचा भाग मागं ओढून सोडला. एक गोळी नळीत चढली, घोडा, म्हणजे मागून गोळीवर आपटणारा दांडा, मागं ओढलेलाच राहिला. मग पिस्तूल कमरेला खोचून तो घरी आला. दसऱ्याच्या सकाळी मॅगझिन काढलं आणि हत्यार रिकामं झालं असं समजला. मॅगझिन काढलं तरी नळीतली गोळी नळीतच राहते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. शिकलेलं होतं, भीतीत विसरला.

"मंगळवारी असं भरलेलं पिस्तूल कमरेला असताना तुमच्या पाठीमागे गाडीवर कोण होतं?" मी विचारलं.

त्यानं देवकीकडं पाहिलं. देवकीनं पोटावर हात ठेवला.

म्हणजे गोळी टोपलीत गेली ती चोरामुळं. त्यानं पिस्तूल हातात घेताच वरचा भाग मागं ओढून आत काही आहे का पाहिलं, आणि नळीतली गोळी उजवीकडं उडून पानांत पडली. ती शोधायला त्याला वेळ मिळाला नाही.

आता दसऱ्याच्या संध्याकाळी कोण कुठं होतं, ते विचारायला लागले. जयराम साडेचारला देवळाकडं सोनं लुटायला गेला तो दिवेलागणीनंतर आला. देवकी घरात होती. साडेसहाला ती निरांजन लावायला गेली आणि पाट पाहून बाहेर धावली.

शेजारचा बाबली चारपासून देवकीच्या बाल्कांवावरच बसून होता. बाबली म्हणजे गावची आकाशवाणी. त्याच्याकडं पिकं राखायची जुनी एकनळी बंदूक आहे, तिचा परवाना माझ्याच सहीखालून गेला होता.

"बाबली, तू आत गेला होतास?"

"देवा शप्पत! माका सुतक गो बाय, काको जावन आठ दिवस झाले. उंबरो ओलांडूक नाय. मणगणांसुद्धा देवकीवयनीन हय हाडून दिल्यान, तां पण दुरसून." मणगणं म्हणजे चण्याच्या डाळीची गोड खीर. ती दुरून दिल्याचं दुःख त्याच्या आवाजात होतं.

"मग आत कोण गेलं?"

"पयलो प्रज्योत. साडेचारांक इलो, आवशीवांगडा, देवकीवयनीवांगडा झगडलो, पाच मिनटांत गेलो. मगे पाचांक ते मोरजेचे फौजदार. धा मिनटां बसले. आणि कोण नाय. मी हयच होतंय, मुतूकसुद्धा उठाक नाय."

"फौजदार कसे दिसले?"

बाबली हसला. "येताना इन केलेले, पट्टो घट्ट. जाताना शर्ट भायर. मी म्हटलंय, सायबानू, मणगणां जड झालां काय? तर हसले पण नाय."

हे ऐकून मी लगेच उठले नाही. शर्ट बाहेर काढणं हा गुन्हा नाही, आणि देवकीच्या मणगण्यानं माझाही पदर सैल झालेला आहे.

प्रज्योत आठ वाजता आला. उंच, तापट, बापासारखाच. पण त्याचं मशीन त्याच ट्रकमालकाच्या खाणीत चालतं, आणि बापानं साक्ष देऊ नये असं तो उघड म्हणायचा.

"मीच चोरलंय असां वाटता ना, मावशे? वाट. पण मी घेतलां असतां ना, तर पाटासकट नेवन न्हंयच्या पाण्यात टाकलां असतां. ह्या घरात पिस्तूल इल्यापासून आवस झोपाक नाय."

"चावी उचलताना अक्षता वाहिल्यास?"

"अक्षता? कित्याक?" त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू म्हातारी भ्रमिष्ट झाली. मला तो एकदम आवडला.

शेवटी देवकी. स्वयंपाकघरात ती पाव कापत बसली होती. खाणारं कुणी नव्हतं.

"तुला ते घरात नको होतं, देवकी."

"नाकाच होतां. ताय, तां आपणच वाजता. चवथीक ह्येंनी तां मेजार ठेवल्यानी आणि कोणी हात लावक नाय आसताना टक् करून घोडो पडलो. रिकामां होतां म्हणान बरां. ह्येंका हसाक इला. फौजदार वळख म्हणून गणपतीक इल्ले, तेंका पण हसान सांगल्यानी."

"फौजदार हसले?"

देवकी थांबली. सुरी पावात अडकली. "नाय. ताटार बसल्ले, ते अर्धा जेवान उठले."

४

जयरामला मी परसात नेलं. काजूच्या झाडाखाली बाक होता. सगळ्यांत आधी मला त्याच्याबद्दलचा संशय फेडायचा होता, आणि तो मी त्याला तोंडावर सांगितला.

"भावोजी, साक्ष टाळायला माणूस स्वतःचंच पिस्तूल लपवू शकतो."

तो रागावला नाही. खाली मान घालून म्हणाला, "माज्या मनात इल्लां. खोटां कित्याक सांगू."

"पण तुम्ही केलं नाहीत. नळीत गोळी आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं. रिकामं समजून तुम्ही ते तसंच उचललं असतं. ज्यानं उचललं, त्यानं आधी उघडून पाहिलं. का? कारण हत्यार हातात आलं की, कुणी काहीही सांगो, आधी उघडून बघायचं ही त्याची सवय आहे. अशी सवय प्रज्योतला नाही, देवकीला नाही."

"बाबलीक आसा. तेची बंदूक आसा."

"बाबलीची बंदूक मधून मोडून बघतात, वरून ओढून नव्हे. शिवाय सुतक पाळणारा माणूस पूजेच्या पाटाला हात लावील? दुरून मणगणं खाणारा?"

पुढचं जयरामलाही दिसत होतं, आणि ते त्याला नको होतं.

"चोराला दोन गोष्टी ठाऊक होत्या," मी म्हटलं. "देवाची वस्तू कशी उचलतात, आणि पोलिसांचं हत्यार कसं उचलतात. इथं काल आलेल्यांत असा एकच माणूस आहे."

"विकत घेतल्यानी तेका!" जयराम उसळला. "चवथीनंतर दोनदा इले माज्याकडे. माका तां परत दी, नवीन घी, म्हणान. तेव्हाच माका वाटलां, मालकान हेंकाय फोडल्यान. मी जाम नाय म्हटलंय."

"ते मागे का लागले हे तुम्ही विचारलंत?"

"कित्याक विचारू? माका दिसत होतां."

भीती लागलेल्या माणसाचं हे असंच होतं. सगळ्या वाटा त्याला एकाच घराकडं गेलेल्या दिसतात. मी त्याला गाडीत बसायला सांगितलं. भाड्याची गाडी बाहेर उभीच होती. साडेआठ वाजले होते, आणि भटजींना थांबवायला देवकी समर्थ होती.

५

दत्ताराम शेटगांवकरांचं घर मोरजीला किनाऱ्यापासून आत, माडांच्या बागेत आहे. वाटेत भाड्यानं स्कूटर घेतलेले पर्यटक आमच्या गाडीपुढं रांगत होते.

दत्ताराम आमची वाटच बघत असावेत. अंगणात खुर्चीवर, इन केलेला शर्ट, घट्ट पट्टा. साठीचा माणूस, ताठ. आम्हाला पाहून उठले आणि म्हणाले, "तुम्ही याल असं वाटलं होतं. पण आज संध्याकाळपर्यंत वेळ मिळेल असं समजत होतो."

मी पितळेची गोळी मेजावर ठेवली. "ही राहिली तुमची शोधायची."

त्यांनी डोळे मिटले. "देवकीवहिनी मणगणं घेऊन येत होत्या. पैंजण वाजले." मग ते जयरामकडं वळले. "जयरामभाऊ, ती नळीत होती. घोडा ओढलेला. तशा अवस्थेत तुम्ही ते पाटावर ठेवलं होतंत."

"सायबानू, मालकान कितके दिल्यान?" जयरामनं विचारलं.

दत्ताराम आत गेले आणि कापडात गुंडाळलेलं पिस्तूल घेऊन आले. उघडून ते रिकामं असल्याचं आम्हा दोघांना दाखवलं, घोडा ओढला आणि पिस्तूल मेजावर टेकवलं. आपटलं नाही, कप ठेवावा तसं ठेवलं.

टक्. घोडा पडला.

पुन्हा ओढला, पुन्हा टेकवलं. टक्.

"घोड्याला धरून ठेवणारी आतली कडी झिजलीय," ते म्हणाले. "घोडा ओढलेला असला तर कधी जातो, कधी राहतो. बेळगांवच्या कारागिराकडून मी दुरुस्त करून घेतलं होतं. दहा वर्षं काही झालं नाही. तुम्ही चवथीला हसत सांगितलंत तेव्हा मला कळलं की दुरुस्त झालंच नव्हतं. मी परत मागितलं, तुम्ही दिलं नाहीत. ते एरवी तुमच्या कमरेला नाहीतर कुलपात. उघड्यावर येणार ते फक्त दसऱ्याला, म्हणून दसऱ्यापर्यंत थांबलो. अपराध केलाय. पण देवाच्या पाटावरून तसंच ओढून न्यायला हात धजला नाही."

"खरं कारण सांगितलं असतंत तर त्यांनी त्याच दिवशी दिलं असतं," मी म्हणाले. "का नाही सांगितलंत?"

त्यांनी माडांकडं पाहिलं. परवान्याच्या टेबलावर मी एक शिकले, खरं सांगायच्या आधी माणूस असाच कुठंतरी बघतो.

"सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, 'तुम्हाला कसं माहीत?'" ते म्हणाले. "बारा वर्षांपूर्वी चौकीवर मी हेच पिस्तूल मेजावर ठेवलं. गोळी सुटली. समोर अमोल बसला होता, माझा शिपाई. गुडघ्यात लागली. मी अहवालात लिहिलं की अमोल निष्काळजीपणे हत्यार साफ करत होता. त्याची नोकरी गेली. तो एक शब्द बोलला नाही. साहेबाविरुद्ध शिपाई काय बोलणार? पुढं साठा विकायला निघाला तेव्हा दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून मीच ते घेतलं."

"आणि मग ह्यांना विकलंत."

"रोज कपाट उघडलं की दिसायचं, ताई. जयरामभाऊ म्हणाले, एका निरपराध माणसासाठी साक्ष द्यायचीय. मला वाटलं, दुरुस्त केलंय, चांगल्या कामाला जाऊ दे. तेवढीच भरपाई." ते कडवट हसले. "भरपाई अशी होत नाही."

मला त्यांचा राग आला, खूप आला. आणि मला माझाही राग आला. पिस्तुलाचा नंबर, सही, शिक्का, सगळं मी तपासलं होतं. वस्तू कुणी तपासली नव्हती. पोलिसांची म्हणून.

जयराम मेजावरच्या पिस्तुलाकडं बघत होता. हळूच म्हणाला, "मंगळवारी देवकी माज्या पाठसून बसलेली." आणि तो माणूस, जो दोन वर्षं धमक्यांना पुरून उरला होता, दत्ताराम शेटगांवकरांच्या अंगणात रडायला लागला.

६

मी घड्याळ पाहिलं. साडेदहा.

"बाराला डिचोलीच्या ठाण्यात जायचं," मी दत्तारामांना म्हटलं. "पिस्तूल घेऊन, तुम्ही, आम्ही दोघं. काल नेलंत हे सांगायचं. परवाना नसताना दुसऱ्याचं हत्यार नेणं काय असतं, हे तुम्हाला मी शिकवायला नको."

"नको," ते म्हणाले. "येतो."

"आणि बारा वर्षांपूर्वीचं?"

ते पिस्तूल पुन्हा कापडात गुंडाळू लागले.

"ते तिथं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण वाटेत पेडणं लागतं. अमोल तिथं फुलं विकतो, मला माहीत आहे. मी त्याच्याकडूनच घेते."

अमोलचं दुकान बाजाराच्या टोकाला, घराच्या पडवीतच आहे. कालच्या झेंडूच्या माळा सुकून टोपलीत पडल्या होत्या. तो स्टुलावर बसला होता, उजवा पाय सरळ पुढं. गुडघा वाकत नाही. दत्तारामांना गाडीतून उतरताना पाहून तो उठायला गेला, बारा वर्षांनंतरही.

"बस, अमोल," दत्ताराम म्हणाले. ते स्वतः उभे राहिले. इन केलेला शर्ट, हात सावधान उभं राहिल्यासारखे बाजूला. आणि त्यांनी सांगितलं. पिस्तूल कुणाच्या हातात होतं, कुणी ठेवलं, अहवालात काय लिहिलं. मग जयरामकडं हात करून पुढचंही सांगितलं, तेच पिस्तूल कुणाला विकलं, त्याला ते कशासाठी हवं होतं, काल काय झालं असतं. मध्ये एकदाही थांबले नाहीत. थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

अमोलनं सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही दिसेना. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मग त्यानं मान मागं वळवली आणि घरात हाक मारली.

"अंकिता! भायर ये."

बायको हात पुसत आली. बारीक अंगाची, केस अर्धे पिकलेले.

"सायबानू," अमोल म्हणाला, "आता ह्येका सांगा. पयल्यापासून. बारा वर्सां झाली, ह्यां माका विचारता, तू तेव्हा पिवन होतंस काय म्हणान. मी नाय म्हणतंय. ह्येका पटणा नाय."

दत्तारामांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. तरी त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. तीच वाक्यं, पण या वेळी प्रत्येक वाक्याला त्यांना दम घ्यावा लागला. अंकिता पडवीच्या खांबाला धरून उभी होती. अर्ध्यात ती खाली बसली. नवऱ्याच्या ताठ गुडघ्यावर तिनं हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

त्यांचं सांगून संपलं. रस्त्यावरून म्हापशाची बस गेली. अंकितानं डोळे पुसले. तिनं दत्तारामांकडं पाहिलंसुद्धा नाही. ती जयरामकडं वळली.

"ज्या ड्रायव्हरासाठी तुमी साक्ष देतलास, तेका बायल आसा?"

"आसा," जयराम म्हणाला.

"ती पण घरात असांच विचारीत आसतली. तू खरांच चलवत नाय होतंस? म्हणान." ती थांबली. "आमका बारा वर्सां लागली, भावजी. तुमी सोमवारीच जावा."

बारा वाजता आम्ही ठाण्यात होतो. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं दत्तारामांना ओळखलं, खुर्ची दिली. कालचं तेवढं लिहूया, जुनं कशाला उकरता, असंही तो समजुतीनं म्हणाला. दत्तारामांनी खुर्ची घेतली नाही आणि जुनं आधी लिहायला सांगितलं. पिस्तूल तिथंच जमा झालं. जयरामचा परवाना चौकशी होईपर्यंत थांबला. दत्तारामांवर गुन्हा नोंदला गेला.

सोमवारी सकाळी मी डिचोलीला गेले तेव्हा कोर्टाच्या पायरीशी जयराम उभा होता. शर्ट इन केलेला, कमरेला फक्त पट्टा. एका बाजूला देवकी, दुसऱ्या बाजूला, तोंड फुगवून का होईना, प्रज्योत. समोरच्या जीपला टेकून मालकाची चार माणसं उभी होती आणि ती जयरामकडंच बघत होती.

"भय वाटता, ताई," जयराम मला म्हणाला. तेहेतीस वर्षांत हे वाक्य माझ्यासमोर कुणी सरळ उच्चारलं नव्हतं.

"मलाही वाटतं," मी म्हटलं.

मग त्याचं नाव पुकारलं गेलं, आणि तो पायऱ्या चढून गेला.